बँटिंगसाहेबांचं पत्र आणि आपलं ताट

स्वीडिश भाषेत 'बांटा' असं एक क्रियापद आहे. अर्थ, डाएट करणे. हा शब्द आला विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका गृहस्थाच्या आडनावावरून. (इन्सुलिनचा शोध लावणारे बँटिंग ते वेगळे.) आडनावाचं क्रियापद होण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं, आणि हे बँटिंगसाहेब तर ना डॉक्टर होते, ना शास्त्रज्ञ. बड्या लोकांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणं हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनची जी प्रचंड अंत्ययात्रा लंडनमधून निघाली, तिचं काम याच घराण्याकडे होतं. म्हणजे मंडळी, वजन कमी करण्यावरची पहिली जगभर गाजलेली पुस्तिका लिहिली ती ज्याची रोजची ऊठबस यमाच्या दारात, अशा माणसाने!

हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो. आमच्याकडे कुठल्याही पॉटलकमध्ये दोन विषय हमखास निघतात, मुलांच्या कॉलेज अ‍ॅडमिशन आणि वजन. कोणी कीटोवर असतो, कोणी दीक्षितांवर, कोणी सोळा तास उपाशी, आणि हल्ली कोणी इंजेक्शनवर. प्रत्येकाला आपली पद्धत नवी वाटते, आणि प्रत्येकजण किती उतरलं ते सांगतो. दोन वर्षांनी त्यातलं किती परत आलं, हे मात्र कोणी विचारत नाही. त्यात आमच्या ओळखीतल्या दोघांना पंचेचाळिशीच्या आत स्टेंट घालावे लागले, आणि दोघेही डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यानुसार 'नॉर्मल' वजनाचे होते. तेव्हापासून मी हा इतिहास वाचतो आहे. वजन कसं उतरतं यापेक्षा, उतरलेलं कोणाचं टिकलं आणि का, या प्रश्नासाठी.

तर बँटिंग. १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांची उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड आणि वय साठीच्या पुढे. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. जिना उतरायचा तर पाठमोरं, एकेक पायरी सावकाश. डॉक्टर झाले, हवापालट झाली, टर्किश बाथ झाले. कोणीतरी व्यायाम सांगितला म्हणून ते भल्या पहाटे होडी वल्हवायला जाऊ लागले, तर भूक इतकी खवळली की वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. (जिमहून येताना 'आज चालेल' म्हणून सामोसा खाणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.) शेवटी ऐकू कमी येतं म्हणून ते विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेले. हार्वी पॅरिसला जाऊन क्लोद बर्नार यांची व्याख्यानं ऐकून आले होते. यकृत साखर तयार करतं हा बर्नार यांचा शोध त्या काळी अगदी ताजा होता. त्यावरून तर्क लढवून हार्वींनी ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. मांस, मासे, भाज्या आणि चक्क थोडी वाइन चालू ठेवली. वर्षभरात बँटिंग ४६ पौंडांनी उतरले.

१८६३ मध्ये त्यांनी स्वखर्चाने 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' ही पुस्तिका छापली आणि आधी फुकट वाटली. मग ती भराभर विकली गेली, भाषांतरं झाली. डॉक्टर मंडळींनी नाकं मुरडली. बँटिंग १८७८ मध्ये वारले तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते, आणि तोवर वजन परत चढलेलं नव्हतं. आज लो-कार्बवाले त्यांना आपला मूळपुरुष मानतात, ते ठीकच आहे. पण पुस्तिका वाचताना माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टींवर गेलं. त्यात तारीखवार वजनांचा तक्ता आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, काय खायचं ते ठरलेलं, आणि रोज जवळजवळ तेच. सोमवारी एक आणि रविवारी एक असा प्रकार नाही.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात 'दीक्षित की दिवेकर' असं द्वंद्व पेटलं होतं ते आठवतं ना? कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेलं दिवसातून दोनच जेवणांचं सूत्र, आणि ऋजुता दिवेकरांचं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, घरचं, स्थानिक, तूप घालून खाण्याचं सूत्र. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या विषयावर भाऊबंदकी व्हायची वेळ आली होती. दीक्षितांचं इन्सुलिनचं गणित आणि हार्वींचं साखरेचं गणित ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं नक्कीच आहेत. माझ्या पाहण्यात दोन्ही पंथांत वजन उतरलेली माणसं आहेत, आणि दोन्ही पंथांत ते परत चढलेलीही आहेत.

आता अटलांटिक ओलांडून कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला येऊ. तिथल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९० च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांच्या मदतीने एक बंदिस्त खोली बांधली. साधारण ७ फूट लांब, ४ फूट रुंद. आत एक माणूस काही दिवस राहायचा, खायचा, झोपायचा, कधी सायकल मारायचा, आणि त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडली ते भिंतींमधून वाहणाऱ्या पाण्याच्या तापमानावरून मोजलं जायचं. आपण पॅकेटच्या मागे वाचतो त्या कॅलरी, म्हणजे एका ग्रॅम प्रथिनाला ४, कर्बोदकाला ४ आणि स्निग्धाला ९, हे आकडे अ‍ॅटवॉटर यांच्याच कामातून आले.

पण गंमत अशी की अ‍ॅटवॉटर यांना कोणाचं वजन कमी करायचं नव्हतं. कामगाराच्या तुटपुंज्या पगारात जास्तीत जास्त ताकद कशी मिळेल, ही त्यांची काळजी. त्यामुळे फळं आणि पालेभाज्या त्यांच्या दृष्टीने पैशांची नासाडी, कारण सेंटामागे कॅलरी कमी! जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा लागायचा होता, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडेही तेच. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पहिलं प्रसिद्ध कोष्टक दक्षिणेतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी काढलं, तेही पोट भरत नसलेल्यांना पुरेसं कसं मिळेल यासाठी. टंचाईच्या काळात मोजण्यासाठी केलेली फूटपट्टी सुबत्तेच्या काळात उलटी धरायची, असा हा सगळा प्रकार आहे.

ती उलटी धरली कॅलिफोर्नियातल्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी. बाई स्वतः एकेकाळी २२० पौंडांच्या होत्या. १९१८ मध्ये त्यांनी कॅलरींवर एक पुस्तक लिहिलं आणि वाचकांना बजावलं की यापुढे ब्रेडचा तुकडा म्हणायचं नाही, ब्रेडच्या शंभर कॅलरी म्हणायचं. 'कॅलरी' हा शब्द लोकांना इतका नवा होता की त्याचा उच्चारही त्यांना सांगावा लागला. पुस्तकातली चित्रं त्यांच्या चिमुरड्या भाच्याने काढलेली आहेत, काडीची माणसं! पहिलं महायुद्ध चालू असल्यामुळे कमी खाणं हे देशकार्यही ठरलं, आणि त्यांनी वजन कमी करणाऱ्यांचे 'कैसरविरोधी वर्ग' काढायला सांगितले. १९२४ आणि १९२५ या दोन्ही वर्षी हे पुस्तक अमेरिकेत ललितेतर पुस्तकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. कथा-कादंबऱ्या सोडल्या तर बाकी सगळ्या विषयांच्या वर कॅलरी! मला बाईंचा सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे प्रामाणिकपणा. हा हिशेब आपल्याला आयुष्यभर ठेवावा लागणार आहे, असं त्या हसतखेळत पण स्पष्ट सांगतात. नंतरच्या शंभर वर्षांत 'फक्त सहा आठवडे' म्हणणारेच जास्त झाले.

मी कामानिमित्त दिवसभर कॉम्प्युटरचे लॉग बघतो, त्यामुळे लिहून ठेवण्याचं महत्त्व मला कोणी पटवायची गरज नाही. पण २००३ मध्ये मी मास्टर्ससाठी मिनियापोलिसला आलो तेव्हा इथल्या कॅलरींच्या तक्त्यांत पोळी सापडत नव्हती, आणि आमटीला जवळचं म्हणजे 'लेंटिल सूप'. आमटीतली फोडणी, त्यावर वरून घातलेलं तूप आणि 'अजून थोडी घे रे' हा आग्रह, या तिन्ही रकान्यांची त्या तक्त्यात सोय नव्हती. ते अ‍ॅटकिन्सच्या लाटेचं वर्ष. रूममेटच्या अमेरिकन लॅबमधली मुलं बर्गरचा पाव कचऱ्यात टाकून आतलं मांस खात होती, आणि आम्ही चौघे देशी भाताचा कुकर लावून त्यांच्याकडे आश्चर्याने पाहत होतो.

मिनेसोटा विद्यापीठात तेव्हा एक गोष्ट मात्र रोज डोळ्यांसमोर होती. कॅम्पसवरच्या मॅकनमारा अ‍ॅलम्नाय सेंटरमध्ये जुन्या मेमोरियल स्टेडियमची विटांची कमान जपून ठेवली आहे. स्टेडियम १९९२ मध्ये पाडलं. त्याच स्टेडियमच्या पोटात अँसेल कीझ यांची प्रयोगशाळा होती, आणि तिथे १९ नोव्हेंबर १९४४ ला एक प्रयोग सुरू झाला, ज्याची आठवण वजनाच्या प्रत्येक चर्चेत निघायला हवी. युरोपात युद्धामुळे लाखो लोक उपाशी होते. त्यांना युद्धानंतर पुन्हा कसं खायला घालायचं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार देणारे ३६ धडधाकट तरुण या कामासाठी स्वेच्छेने पुढे आले. पहिले १२ आठवडे त्यांना रोज सुमारे ३२०० कॅलरींचं भरपूर जेवण मिळालं. पुढचे २४ आठवडे सुमारे १५७०. दोन वेळचं जेवण, त्यात बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं.

आता हा १५७० आकडा पुन्हा वाचा. आजचे कितीतरी डाएट प्लॅन याच्याहून खाली जातात. त्या तरुणांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं. ते तर होणारच होतं. पण डोक्याचं काय झालं ते महत्त्वाचं. हसणी-खिदळणी थांबली. थंडी वाजू लागली. मुलींमधला रस गेला आणि पाककृतींच्या पुस्तकांत आला. काहीजण ती पुस्तकं गोळा करून रात्री वाचत बसायचे. जेवणाची ताटली चाटून पुसून स्वच्छ व्हायची. एकेक घास तासभर चघळायचा. एकाचा संयम सुटल्यावर कोणीही एकट्याने कॅम्पसबाहेर जायचं नाही, जोडीदार बरोबर हवाच, असा नियम करावा लागला. आणि प्रयोग संपून हवं तेवढं खायची मोकळीक मिळाल्यावर काहीजण दिवसाला पाच हजार कॅलरींच्या वर गेले, पोट फुटायला आलं तरी भूक शमेना. गेलेलं वजन तर परत आलंच, चरबी आधीपेक्षा जास्त आली.

ही मुलं मुळात सडपातळ होती, तेव्हा त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण उपाशी ठेवलेलं शरीर सूड उगवतं, आणि त्याचा इच्छाशक्तीशी फारसा संबंध नसतो, हे तिथे दिसलं. पुढे २०१६ मध्ये केविन हॉल यांनी 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या लोकांचे ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. कीझ यांच्या स्टेडियमपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत सत्तर वर्षं गेली, पण शरीराला याचं काही कळलेलं नाही.

मग टिकतं कशाने? याचं पहिलं धड उत्तर कुठल्या प्रयोगशाळेतून नाही, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या एका बैठकीच्या खोलीतून आलं. जीन नायडेच या गृहिणीचं वजन होतं २१४ पौंड. सुपरमार्केटमध्ये एका ओळखीच्या बाईने त्यांना 'कितवा महिना?' अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. १९६१ मध्ये त्या न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गेल्या. तिथे डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला साधा, शहाणा आहार छापील कागदावर मिळायचा. बाईंनी तो पाळायला सुरुवात केली, वजन उतरू लागलं. पण रात्री बिस्किटं खायची सवय सुटेना. ती बिस्किटं त्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून ठेवत. दवाखान्यातल्या कडक बाईंना हे सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना सांगितलं. तर काय, प्रत्येकीची बिस्किटं कुठे ना कुठे लपवलेली निघाली!

दर आठवड्याला ही भिशी भरू लागली आणि वाढत गेली. १९६३ च्या मे महिन्यात त्यातून 'वेट वॉचर्स' कंपनी उभी राहिली. १९७८ मध्ये हाइन्झ कंपनीने ती सुमारे ७ कोटी डॉलरना विकत घेतली. आता लक्षात घ्या, आहार तर सरकारी दवाखान्याचाच होता. तोच कागद दवाखान्यात फुकट मिळत होता. बाईंनी त्यात घातल्या त्या दोनच गोष्टी, ठरलेला वार आणि समोर बसलेली माणसं. बाई स्वतः २०१५ मध्ये ९१ व्या वर्षी वारल्या, अखेरपर्यंत बारीकच होत्या. कंपनीचं पुढे जे व्हायचं ते झालं. तयार जेवणाची खोकी, पॉइंट्स, अ‍ॅप, आणि २०२५ च्या मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज. माझ्या मते भिशीची खोली मोठी होत गेली तसतशी ती बिस्किटांची कबुली मागे पडली.

मधल्या काळातला सरकारी उपदेश मी धावत सांगतो, कारण तो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी भोगला आहे. १९७७ मध्ये सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने स्निग्ध पदार्थ कमी करा असं सांगितलं. कंपन्यांनी चरबी काढली आणि चवीसाठी साखर घातली. १९९२ मध्ये पिरॅमिड आला, तळाशी रोज ६ ते ११ वाढप ब्रेड, सिरियल, भात, पास्ता. २००५ मध्ये तो उभ्या पट्ट्यांनी रंगवला, २०११ मध्ये त्याच्या जागी ताट आलं. सरकारी पाहणीत १९७६ ते १९८० दरम्यान अमेरिकेतले साधारण १५ टक्के प्रौढ लठ्ठ होते, २०१७-१८ मध्ये ४२ टक्के. सगळा दोष पिरॅमिडचा नव्हे. तो नीट पाळणारेही मला फारसे भेटलेले नाहीत.

१९९४ मध्ये रीना विंग आणि जेम्स हिल या दोन संशोधकांनी प्रश्नच उलटा केला. अपयशी लोकांचा अभ्यास पुष्कळ झाला, आता ज्यांचं जमलं त्यांची नोंदवही करू. अट अशी की किमान ३० पौंड उतरलेले असावेत आणि किमान वर्षभर टिकलेले असावेत. ही नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. पुढे तिच्यात दहा हजारांहून अधिक लोक आले. गंमत म्हणजे वजन उतरवण्याच्या त्यांच्या पद्धती वाटेल त्या होत्या, जवळपास निम्म्यांनी तर कोणत्याही कार्यक्रमाशिवाय स्वतःच उतरवलेलं. पण टिकवणाऱ्यांमध्ये साम्य फार. बहुतेकजण रोज नाश्ता करतात, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात, टीव्ही कमी बघतात, रोज सरासरी तासभर हालचाल करतात. हे स्वतःहून नाव नोंदवणारे उत्साही लोक, त्यामुळे त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही २००४ च्या एका निष्कर्षापाशी मी अडखळलो. जे लोक शनिवार-रविवारीही बाकी दिवसांसारखंच खातात, त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात ५ पौंडांच्या आत राहण्याची शक्यता, फक्त आठवडाभर काटेकोर राहणाऱ्यांपेक्षा दीडपट होती. बँटिंगसाहेबांचा तो कंटाळवाणा, रोज तोच असलेला तक्ता मला इथे परत दिसला.

नव्या औषधांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेत वजनासाठी मंजूर झालं. चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं होतं. हे आधीच्या कुठल्याही औषधापेक्षा फार मोठं यश, आणि ज्यांना गरज आहे त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं.

इथवरचा सगळा इतिहास गोऱ्या माणसांच्या शरीरावर लिहिलेला आहे. आमच्या त्या दोन 'नॉर्मल' मित्रांचं कोडं त्यातून सुटत नाही. ते सुटलं पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण वजनात एवढी मागे असलेली आपली बाळं चरबीत तेवढी मागे नव्हती. मागे होती ती स्नायूंमध्ये. 'थिन-फॅट', म्हणजे हडकुळी पण चरबीदार. २००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! स्वतःच्या पोटाचा असा जाहीर नमुना करणारा शास्त्रज्ञ मला तरी दुसरा माहीत नाही.

त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी धोक्याची पहिली पायरी २५ ऐवजी २३ सुचवली. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसासाठी २५ म्हणजे साधारण १६० पौंड आणि २३ म्हणजे साधारण १४७. या तेरा पौंडांच्या फटीत आपली निम्मी मंडळी राहतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आशियाई अमेरिकनांच्या तपासणीसाठी २३ हा आकडा २०१५ मध्ये स्वीकारला. आणि २००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ लोकांवरच्या अभ्यासात दाखवलं की आहार आणि चालण्याच्या सवयींनी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजन जवळपास तेवढंच राहून. आपल्यासाठी काटा ही अर्धीच गोष्ट आहे. आमच्या घरात त्याच्या शेजारी आता शिंप्याची टेप असते. दक्षिण आशियाई पुरुषांना कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

इथल्या दक्षिण आशियाई लोकांचा 'मसाला' नावाचा (नाव कोणाला सुचलं असेल!) अभ्यास शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात २०१० ते २०१३ मध्ये ९०६ लोकांपासून सुरू झाला. २०१५ मध्ये त्यातून आपल्या खाण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या गेल्या. निबंधाच्या पहिल्या लेखिकेचं आडनाव गाडगीळ आहे, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. एक तऱ्हा मांसाहाराची, एक फळं-भाज्या-कडधान्यं-दाण्यांची, आणि तिसरी तळलेले पदार्थ, गोडधोड आणि सायीच्या दुधाची. तिसऱ्या तऱ्हेत इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होण्याचं प्रमाण जास्त. तिसरी तऱ्हा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला शनिवार आहे.

याचं कारण मला कॅलेंडरमध्ये दिसतं. देशात सण तिथीने येतात. कधी मंगळवारी, कधी गुरुवारी, आणि मधे साध्या वरणभाताचे कितीतरी दिवस जातात. इकडे सगळे सण शनिवारवर ढकललेले. भाद्रपदात चार घरचे गणपती चार शनिवारी, मग नवरात्र, कोजागिरी, आणि देशात चार-पाच दिवसांत आटोपणारी दिवाळी इथे सहा वीकेंड पुरते. तोवर थँक्सगिव्हिंग येतं. सोमवार ते शुक्रवार ओट्स आणि सॅलड, आणि शनिवारी श्रीखंड-पुरी. रजिस्ट्रीतली दीडपट वाली मंडळी जे करत नाहीत, नेमकं ते.

त्यात ती तीन खणांची प्लेट. आपल्या ताटात डावी बाजू असते. चटणी, कोशिंबीर, लोणचं, आणि उजवीकडे भाजी, आमटी. भात मधे, मुदीएवढा. कार्यक्रमातल्या प्लेटमध्ये डावी बाजूच नाही. मोठ्या खणात पुलाव आणि पुऱ्या बसतात, दोन छोट्या खणांत बटाट्याची भाजी आणि गोड, आणि कोशिंबीर एका कोपऱ्यावर चमचाभर लोंबकळत असते.

यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या मीटिंगमध्ये या प्लेटवर पाऊण तास चर्चा झाली. मोठ्या खणात आधी कोशिंबीर आणि मोडाची उसळ वाढायची, आणि वाढपी तिथेच उभे करायचे, असं सात विरुद्ध चार मतांनी ठरलं. माणशी पुऱ्या किती हा विषय वेळेअभावी पुढच्या मीटिंगवर गेला आहे.